व्हायचं राहिलेलं गाव

ही हकीकत सांगायची मी पस्तीस वर्षं टाळली. टाळणं अवघड नसतं. कुणी विचारत नाही, आपण बोलत नाही, दिवस जातात. माझ्या निवृत्तीच्या समारंभात दोघे जण माझ्या सचोटीबद्दल बोलले. मी गळ्यातल्या हाराची पाकळी पाकळी खुडत बसलो होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. बायको असेपर्यंत तर कधीही सांगता आलं असतं, कारण तिला सगळं ठाऊक होतं आणि मी कधी तोंड उघडतो याची ती वाट बघत होती. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

आता लिहायला बसलो त्याला निमित्त झालं ते असं. गेल्या महिन्यात आमच्या आळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एका नकाशाचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘शंभर वर्षांपूर्वीचं आपल्या किनाऱ्यावरचं एक गाव. आता यातलं काहीच उरलं नाही.’ समुद्राच्या कडेला सडा, म्हणजे उंचावरचं कातळाचं माळरान, सड्यावर गाव, धक्क्याला लागलेली आगबोट, चौकात विहीर, रस्त्याच्या कडेने दिव्यांचे खांब. भराभर हात जोडलेली चित्रं येऊ लागली. एकाने लिहिलं, ‘तेव्हाची माणसंच वेगळी.’ दुसऱ्याने तर, ‘आमच्या पणजोबांचं घर याच गावात होतं, आजी सांगायची.’ सुनेने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “बाबा, तुम्ही नकाशांच्या कचेरीत होतात ना? हे गाव कुठलं हो?”

मी म्हटलं, “चष्मा आण जरा.”

चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.

तर त्या सगळ्यांना पहिलं हे सांगतो, की असं गाव कधीच नव्हतं. तो नकाशा शंभर वर्षांचा नाही, आणि सरकारी तर नाहीच नाही. तो एका माणसाने स्वतःच्या कापडावर, स्वतःच्या शाईने, कचेरीतल्या मधल्या सुट्टीत काढला. त्यांचं नाव लिहीत नाही. ते नाव एकदा नको त्या कागदावर येऊन गेलं, तेवढं पुरे. कचेरीत आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू.

अप्पा ट्रेसर होते. जुने, चिरलेले, कसरीने खाल्लेले नकाशे नव्या कापडावर उतरवून काढायचे, हे त्यांचं काम. ट्रेसिंगचं कापड निळसर, गुळगुळीत, आरपार दिसणारं. त्याच्यावर पाण्याचा थेंब पडला की कायमचा डाग. म्हणून अप्पांच्या टेबलापासून तीन हातांच्या आत पाण्याचा पेला आणायला बंदी होती. नव्या साहेबांनासुद्धा त्यांनी पहिल्याच दिवशी पेल्यासकट मागे सरकायला लावलं होतं. उजव्या मनगटाखाली चौघडी रुमाल, घाम कापडाला लागू नये म्हणून. नाकावर दोन चष्मे, एकावर एक. पावसाळ्यात कापडाने ओल धरू नये म्हणून टेबलाखाली चाळीसचा बल्ब दिवसभर जळत असायचा, आणि त्याच्या उबेला त्यांचे दोन्ही पाय. वर्षानुवर्षं वाकून त्यांची मान डावीकडे कलली होती. रस्त्यात भेटले की ते आपल्याकडे बघतायत की आपल्या मागच्या भिंतीची लांबी काढतायत, कळत नसे.

मधली सुट्टी झाली की डबा पाच मिनिटांत उरकायचा, हात धुवायचे, तीन वेळा पुसायचे, आणि खालच्या खणातून ती गुंडाळी काढायची.

त्या गुंडाळीत त्यांचं गाव होतं. विसाव्या शतकाची पहिली दहा-पंधरा वर्षं संपत आली आहेत, अशा वेळचं. जमीन खरी होती. आमच्याकडच्याच एका उजाड सड्याची हद्द, खालची खाडी, खडक, सगळं मोजणीबरहुकूम. त्यावरचं गाव मात्र अप्पांचं. जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, प्रत्येक घराला पुढे अंगणाचं खळं आणि मागे परस. गावाला एक रहाटाची विहीर, देवळाच्या आवारात. वाचनालय, त्याच्या पडवीत बाकं. नाटकगृह. एक छापखाना, ज्यातून आठवड्याला एक चार पानी पत्र निघतं. पोस्ट. टांग्यांचा अड्डा आणि घोड्यांना पाण्याची डोण. घर दुमजली बांधायचं नाही, कारण मागच्याचा समुद्र झाकला जातो. रस्त्याची रुंदी किती ठेवायची हे त्यांनी असं ठरवलं होतं, की समोरासमोरून दोन बैलगाड्या गेल्या तरी मधून एका माणसाला छत्री न मिटता जाता आलं पाहिजे.

मी नवा नवा रुजू झालो होतो. एकदा शहाणपणाने म्हणालो, “अप्पा, पण हे खोटंच ना सगळं?”

ते रागावले नाहीत. लेखणी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, “खोटं नव्हे रे. व्हायचं राहिलेलं आहे.”

गावात वीज नव्हती. खांबांवर रॉकेलचे दिवे. हेडक्लार्क त्यांना चिडवायचे, “अप्पा, खाली चाळीसचा बल्ब घेऊन बसता आणि गावाला रॉकेल?”

“बटण दाबलं की दिवा लागतो, मग माणूस बाहेर कशाला येईल?” अप्पा मान वर न करता म्हणायचे. “रॉकेलचा लावायला कुणीतरी शिडी घेऊन दारापर्यंत यावं लागतं. येतो तो विचारतो, काय, बरं आहे ना? तुम्हाला कुणी विचारतं का संध्याकाळी, बरं आहे ना म्हणून?”

हेडक्लार्क आपल्या टेबलाकडे वळले. त्यांच्या घरी कुणी विचारत नसावं.

एक वाजून दहा मिनिटांनी अप्पा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून जाहीर करायचे, “बोट लागली.” मग हिशेबनीस ओरडायचा, “काय आणलान बोटीनं?”

“चहाच्या दोन पेट्या, नाटकवाले सात, आणि तुझी सासू.”

“मग परतीची बोट कधी?”

“वादळ आहे. चार महिने नाही.”

कचेरीतल्या प्रत्येकाला त्यांनी गावात घर दिलं होतं. देण्याआधी समोर बसवून विचारायचे. खिडकी कुठल्या अंगाला हवी? पहाटे उठतोस का? शेजार बोलका चालेल की मुका? मग आठवडाभर विचार करून घर आखायचे. त्यावरून भांडणं व्हायची, खरीखुरी. हेडक्लार्कना हिशेबनिसाच्या शेजारी घर मिळालं, तर त्यांनी रीतसर अर्ज दिला, ‘विषय : घर बदलून मिळणेबाबत.’ अप्पांनी त्यावर लाल शाईने शेरा मारला, ‘अर्जदाराने प्रथम शेजाऱ्याशी बोलावे. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा.’ गंमत म्हणजे ते दोघे बोलायला लागले.

त्यांना स्वतःला मात्र गावात घर नव्हतं. राहायचे ते एका घराच्या मागच्या खोलीत, जिची एकुलती खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडत होती. बायको लग्नानंतर तीन वर्षांत गेलेली, मूलबाळ नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “आखणाऱ्याने आत राहू नये. मी आपला बोटीने येईन, दोन दिवस पाहुणचार घेईन, आणि जाईन.” हे बोलताना त्यांचं बोट धक्क्यापासून चौकापर्यंत रस्त्यावरून हळूहळू चालत गेलं. कापडाला न टेकता.

आमचा शिपाई एकदा त्यांच्या टेबलाशी उभा राहून नकाशा बघत होता. बघून झाल्यावर म्हणाला, “अप्पा, गाव झकास आहे. पण त्या काळात आमच्या लोकांना विहिरीवर कोण येऊ देत होतं हो? माझं घर गावाबाहेरच असणार ना?”

अप्पांनी गुंडाळी मिटली आणि खणात ठेवली. चार दिवस काढली नाही. पाचव्या दिवशी ब्लेड घेऊन बसले. कापडावरची रेघ पुसायची म्हणजे ब्लेडने खरवडावी लागते, वर खडूची पूड चोळावी लागते, आणि जरा हात जड झाला की कापडाला भोक. पंधरा दिवस ते चौक खरवडत होते. विहीर देवळाच्या आवारातून काढून त्यांनी उघड्या चौकात आणली, सगळ्या आळ्यांच्या तोंडाशी, कसलंही कुंपण नाही. विहिरीला लागून पहिलं घर शिपायाचं.

“अप्पा, असं नव्हतं हो तेव्हा,” तो म्हणाला.

“नव्हतं ना. मग आखतानाच दुरुस्त करायला हवं. जसंच्या तसं काढायला मी सरकारचा पगार घेतो की.”

शिपाई त्या घरामागच्या मोकळ्या जागेवर बोट धरून म्हणाला, “परसात शेवगा काढा एक.”

आता माझ्याकडे येतो.

माझं लग्न नुकतंच झालं होतं. बायको अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलेली. वडील तिथे प्रकल्पावर नोकरीला. सगळी घरं एका साच्यातली. लहानपणी भिंतीवरचा नंबर वाचल्याशिवाय तिला आपलं दार ओळखू यायचं नाही. आम्ही राहत होतो तेही दीड खोलीत. अप्पांनी आम्हाला खाडीच्या उतारावर घर दिलं होतं, पश्चिमेला खिडकी असलेलं. मी घरी येऊन रोज काहीतरी सांगायचो, आणि ती म्हणायची, “मला बघायचंय आपलं घर.”

अप्पा गुंडाळी खोलीबाहेर नेऊ देत नसत. पण त्यांच्या खणाची किल्ली कपाटामागच्या खिळ्याला असते, हे सगळ्यांना माहीत होतं. एका शनिवारी ते गेल्यावर मी खण उघडला आणि गुंडाळी वर्तमानपत्रात लपेटून घरी नेली. जमिनीवर धुतलेली चादर अंथरून आम्ही ती उलगडली. बायकोने हात पाठीमागे बांधून घेतले, चुकून लागू नये म्हणून, आणि गुडघ्यांवर बसून सगळं गाव फिरली. शेवटी आपल्या घराशी थांबली. खिडकीच्या खुणेपर्यंत वाकली. इतकंच म्हणाली, “इथून दिसेल ना हो बोट?”

सोमवारी मी लवकर निघालो, पण अप्पा माझ्या आधी येऊन बसलेले. म्हणून गुंडाळी मी माझ्या रॅकमध्ये ठेवली. मधल्या सुट्टीत ते हात धुवायला गेले की खणात सरकवायची, असा बेत. माझं टेबल नकलांचं होतं. लोकांनी अर्ज करायचा, मी मूळ नकाशा काढायचा, शिपाई यंत्रावर त्याची अमोनिया प्रिंट काढायचा, आणि मी ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून सही करायची. त्या सकाळी साहेबांनी तातडीने बोलावलं. जाता जाता मी अर्ज आणि रॅकमधली थप्पी शिपायाच्या हातात दिली आणि सांगितलं, “अर्जावर लिहिलंय तेवढाच भाग काढ.” अर्ज त्याच सड्याचा होता. मूळ नकाशावर जी हद्द, तीच अप्पांच्या कापडावर. शिपायाने वरच्या गुंडाळीचा तेवढा कोपरा उलगडला, हद्द जुळवली आणि ती यंत्रावर चढवली; गाव आत गुंडाळलेलंच राहिलं, म्हणून त्यालाही ओळखू आलं नाही. परत येऊन मी प्रिंटांवर शिक्के मारले. बघितलं नाही. घाईत होतो असं म्हणेन, पण खरं तर त्या टेबलावर मी कधीच बघत नसे.

दुपारी गुंडाळी खणात परत गेली. अप्पांनी ती उलगडली, नाक जवळ नेलं. अमोनियाचा वास ज्याच्या त्याच्या कपड्यांना असायचा, त्यामुळे त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. कापडाच्या कडेला चादरीचा एक धागा चिकटला होता. तो त्यांनी चिमटीत धरून उजेडाला बघितला.

“कुणीतरी गावात जाऊन आलंय,” ते म्हणाले.

मी फायलीत डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली तेव्हा हळूच विचारलं, “सूनबाईंना घर आवडलं का?” मी मान हलवली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बरंच केलं आपण.

तो अर्ज जयगडच्या बाजूच्या, सड्याखालच्या एका वाडीचा होता. मुंबईच्या कुणा मालकाने वरचा सडा घेऊन चहूकडून गडगा घातला होता, आणि वाडीची बंदरावर जायची वाट त्या दगडी कुंपणात अडकली होती. महिन्याभराने त्या वाडीतली एक म्हातारी आली. डोक्यावर पाटी, हातात माझ्या सहीची नक्कल.

“सायेब, वाट उघडलानी! त्यो म्हणत व्हता कागद दाखवा, कागद दाखवा. ह्यो बगा, दाखवला. माज्या सासऱ्याच्या सासऱ्यापासून मासळीच्या पाट्या याच वाटेनं गेल्यात. तुमी आमची वाट सोदलात.”

तिने कागद माझ्या टेबलावर पसरला. नक्कल नकाशाच्या एका कोपऱ्याची होती. वाडी, खाडी, आणि दोहोंमधून वर जाणारा एक ठळक रस्ता. रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर बारीक टिंबं. तिला ती दगड वाटली असतील. मला माहीत होतं ते दिव्यांचे खांब आहेत.

मी कागदाची घडी घालून तिला परत दिली आणि विचार केला, वाट तर खरीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक जातायत. कागदावर नव्हती, आता आली. कुणाचं काय बिघडलं? तिने पाटीतून काढून दिलेले सुक्या कोळंबीचे सोडे मी घरी नेले. शेजारच्या खोलीत बल्बाच्या उबेला पाय ठेवून अप्पा काम करत होते. त्यांना मी काही बोललो नाही. इथून माझं गप्प बसणं सुरू होतं.

मालकाचा वकील मुंबईहून आला आणि त्याने मूळ नकाशा मागितला. नोंदवहीत असा नकाशाच नव्हता. मग शोध सुरू झाला, आणि साहेबांसमोर अप्पांच्या खणातून गुंडाळी निघाली. वकिलाने ती टेबलावर उलगडली आणि एकेक मोठ्याने वाचू लागला, “सार्वजनिक वाचनालय. नाटकगृह. आगबोटीचा धक्का. अहो, या सड्यावर शेळीसुद्धा उभी राहत नाही, नाटकगृह कुठून आलं?” त्याच्या हातात चहाचा कप होता. अप्पांचं सगळं लक्ष त्या कपाकडे. मधेच पुढे होऊन म्हणाले, “तेवढा कप बाजूला ठेवता का? पाणी चालत नाही त्याला.”

चौकशीला बाहेरगावचे अधिकारी आले. मला आत बोलावलं. मी तेव्हा कायम झालो नव्हतो, बायकोला सातवा महिना होता, गावी आई-वडील माझ्यावर होते. हे सगळं खरं आहे. पण यातलं एकही कारण मला त्या क्षणी आठवलं नव्हतं. ती मी नंतर गोळा केली. त्या क्षणी मला फक्त भीती वाटली.

“या नकलेवर सही तुमची. मूळ तुमच्याकडे कसं आलं?”

मी म्हणालो, “रॅकमध्ये होतं, साहेब. तिथे कुणी ठेवलं मला माहीत नाही.”

माझ्यानंतर अप्पांना बोलावलं. दार उघडंच होतं, मी बाहेर बाकावर.

“हा नकाशा तुम्ही काढलात?”

“हो. रेघ माझी आहे.”

“सरकारी दप्तरात तुम्ही ठेवलात?”

अप्पांनी मान वळवून दारातून बाहेर बघितलं. कललेल्या मानेमुळे नेहमी शंका यायची, पण त्या वेळी शंका नव्हती. ते माझ्याकडेच बघत होते. मला वाटतं, मी उठून आत येईन म्हणून ते थांबले. निदान एक मिनिट तरी थांबले असतील. मग साहेबांकडे वळून म्हणाले, “कागद माझ्या खणातला. बाहेर गेला, म्हणजे माझंच कुलूप ढिलं. आणखी काय लिहू?”

त्यांनी सही केली. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, ते वर्ष निलंबनात गेलं. बनावट नकाशा दप्तरात घुसवणारा, असं त्यांच्याबद्दल लोक बोलू लागले. ज्या माणसाने सतरा वर्षं सरकारी शाईचा थेंब त्या कापडाला लागू दिला नव्हता. आणि वाडीची वाट पुन्हा बंद झाली. आता ती खोटा कागद आणणाऱ्यांची वाट होती, त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं त्यांचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. म्हातारी एकदा कचेरीच्या पायऱ्यांवर दिसली. मी मागच्या दाराने गेलो.

शिपायाला चौकशीत कुणी काही विचारलंच नाही. थप्पी त्याच्या हातात कुणी दिली, ते त्याला माहीत होतं. पुढे आम्ही वीस वर्षं एका छपराखाली काम केलं. तो मला चहा आणून द्यायचा, समोर बसून प्यायला मात्र नाही. एकदाच म्हणाला, “भाऊ, आपलं दोघांचं घर होतं ना तिथे?”

नकाशाला सील लावून तो फायलीत बांधला; इतक्या वर्षांनी ती फाईल कुणीतरी उघडली असणार, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो तिथलाच. अधिकारी जाताना म्हणाले होते, “खासगी कागद असेल तर परत देता येईल. पण तो दप्तरात आला कसा, हे कुणीतरी लेखी द्यायला हवं.” हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. अप्पा शेवटच्या दिवशी छत्री आणि डब्याची पिशवी घेऊन निघाले, तेव्हा माझ्या टेबलाशी थांबले.

“तेवढी गुंडाळी मिळते का बघशील? बाकी काही नको मला.”

“बघतो, अप्पा.”

त्यांना ठाऊक होतं की ती मिळवू शकेल असा एकच माणूस आहे. म्हणून तर त्यांनी मला विचारलं. मी दोनदा निवेदन लिहिलं. एकदा कचेरीत फाडलं, एकदा घरी. दुसऱ्यांदा बायकोने तुकडे गोळा केले आणि चुलीत घातले.

अप्पा केळशीला बहिणीकडे राहायला गेले. मी त्यांना भेटायला गेलो तो नऊ वर्षांनी. तोवर मी कायम झालो होतो, बढतीही मिळाली होती. दापोलीहून केळशीच्या एसटीत बसलो आणि सगळ्या रस्त्याने एक वाक्य घोकत गेलो.

ओटीवर आरामखुर्चीत बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण माझा आवाज ऐकताच धडपडत उठले. “अगं, बघ कोण आलंय! आपल्या खाडीवरच्या घराचे मालक आले. घावन घाल यांना.” बहिणीने घावन आणि गूळखोबरं आणून ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं, आणि आत गेली. तिलाही सगळं ठाऊक असावं.

मी गुंडाळीचा विषय काढायच्या आत त्यांनीच खुर्ची पुढे ओढली. “बरा आलास. मला एक सांग. पोस्टाच्या मागच्या आळीत घरं किती होती रे? मला सहा आठवतात. सातवं होतं हे नक्की, कारण आळी विषम ठेवली होती मी. पण कुणाचं? चार महिने झाले, रोज पहाटे उठून त्या आळीतून जातो. सहाव्या घरापर्यंत दिसतं. पुढे पांढरं.”

तो नकाशा पूर्ण बघितलेला आणि त्यांना भेटायला आलेला असा मी एकटाच. म्हणून त्यांनी मला विचारलं. आणि मला ते घर आठवत नव्हतं.

“शिंप्याचं,” मी म्हणालो.

“शिंप्याचं!” त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. “असणारच. पोस्टाजवळ शिंपी हवाच. लोक पत्राची वाट बघत बसतात, तेवढ्यात काजं करून होतात.” मग हातांनी हवेत ती आळी आखत त्यांनी शिंप्याचं घर बसवलं, त्याच्या यंत्रापुढे खिडकी काढली, आणि थकून मागे टेकले. इतकं समाधान मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही. त्यांच्या गावात मी आणखी एक खोटं घर बांधून दिलं होतं.

तीन तास बसलो. दर वेळी वाक्य ओठांशी यायचं, आणि अप्पा कुठल्या तरी गल्लीत शिरायचे. शेवटी मीच म्हणालो, “निघतो आता. एसटी चुकेल.”

ते बेड्यापर्यंत, आवाराच्या फाटकापर्यंत पोचवायला आले, भिंतीला हात लावत. “पुन्हा ये. समुद्राकडची आळी राहिलीय विचारायची. लवकर ये मात्र, ती पण पुसट व्हायला लागलीय.”

मी गेलो नाही. पावसाळा संपताना त्यांच्या बहिणीचं पत्र आलं. अप्पा गेल्याच्या दोन ओळी होत्या. शेवटचे काही दिवस ते दुसरं काही बोलत नव्हते, आपण येणार होतात एवढंच सारखं म्हणत होते.

गेल्या आठवड्यात मी त्या कचेरीत जाऊन लेखी निवेदन दिलं. काउंटरवरच्या मुलीने वाचून विचारलं, “आजोबा, पण आता याचं काय करायचं?” मी म्हटलं, “फायलीला लाव.” तिने पोचेचा शिक्का मारून दिला. त्या निवेदनात झालेलं सगळं आहे, तारीखवार, सहीसकट. अप्पांना सांगायचं होतं ते त्यात नाही. सरकारी कागदात त्याला जागा नसते. केळशीच्या रस्त्याने मी जे घोकत गेलो होतो आणि तसंच परत घेऊन आलो, ते असं :

अप्पा, गुंडाळी तुमच्या खणातून मी काढली होती. रॅकमध्ये मी ठेवली. साहेबांनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं, आणि तुम्ही दारातून बघितलंत तेव्हा तुम्ही कशासाठी थांबला होतात तेही मला कळलं होतं. मी उठलो नाही. तुमचं गाव माझ्यामुळे गेलं. मला क्षमा करा.